देवीचे वण

माझ्या दोन्ही गालांवर खड्डे आहेत. बारीक, खोल, एकमेकांना चिकटलेले. दाढी करताना पातं त्यात अडकतं, म्हणून मी न्हाव्याकडं जात नाही. स्वतःची स्वतः करतो. कुठं हळू जायचं ते मला माहीत आहे. पन्नासेक वर्षं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी एकच सांगितलं: देवी. लहानपणी देवी आल्या होत्या. ऐकणारा मान हलवायचा, एखादी म्हातारी हात जोडायची, विषय संपायचा.

ते खोटं होतं. मला देवी कधी आल्याच नाहीत.

आमचं गाव आंदर मावळात. एसटी आता दिवसातून दोनदा येते, माझ्या लहानपणी तीही नव्हती. मी चौथीपर्यंत शिकलो आणि मग गुरांमागं गेलो. सोळाव्या-सतराव्या वर्षी तोंडावर पुटकुळ्या यायला लागल्या. त्या सगळ्यांनाच येतात, दोन-चार येतात आणि जातात. माझ्या गेल्या नाहीत. एक पिकायची, फुटायची, तिच्या शेजारी दुसरी उठायची. वाटाण्याएवढ्या गाठी व्हायच्या, हात लावला तर कानापर्यंत ठणका जायचा. पाठीवर तर इतक्या, की अंगावर घोंगडी सहन व्हायची नाही. आईनं सहाणेवर रक्तचंदन उगाळून लावलं. वडील म्हणाले, वयाचा माज आहे, लगीन झालं की जातंय.

बरोबरीची पोरं मला चाळण म्हणायची. "आरं ये चाळणे, आमचं पीठ चाळून दे." मी हसायचो, कारण न हसणाऱ्याला जास्त चिडवतात. पण जत्रेला जायचं बंद केलं. लग्नाच्या पंगतीत शेवटी, अंधाऱ्या बाजूला बसायचो. गुरं घेऊन डोंगरावर गेलो की बरं वाटायचं. गुरांना तोंड दिसत नाही असं नाही, पण ती बोलत नाहीत. चार-पाच वर्षांनी पुटकुळ्या आपोआप थांबल्या आणि हे खड्डे मागं राहिले.

मुलगी बघायला आम्ही पायी तिकोणा पेठेला गेलो. वाटेत एका ओढ्यावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा वडील म्हणाले, "तोंडाचं विचारलं तर देवी म्हनायचं."

"देवी कुटं आल्यात मला?"

"पुटकुळ्या म्हनून सांगशील तर पोरगी देतील का तुला? तू गप ऱ्हा. मी बोलतो."

तेच झालं. मुलीच्या आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, वडलांनी सांगितलं, आणि ती बाई चक्क मला हात जोडून म्हणाली, "देवीनं हात फिरवला आनि पोरगं ठेवलं. लय नशिबाचं हाय." चहाचा दुसरा कप मिळाला. पुटकुळ्या म्हणजे माज, घाण, पोट साफ नाही. देवी म्हणजे देवानं बघितलेला माणूस. खड्डे तेच होते. येताना वडील वाटभर खुशीत होते, आणि मीही छाती काढून चालत होतो. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या तोंडाचा मान केला होता.

लग्न झाल्यावर बायको दरवर्षी शितळासप्तमीला वेशीजवळच्या शितळाईला दहीभात घेऊन जायची. उंबराखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तीच आमची शितळाई. देवीच्या रोगाची देवी. नैवेद्य दाखवून परत आली की पहिला घास माझ्या हातावर ठेवायची. म्हणायची, "तुमास्नी राखलं तिनं." तो घास मी चाळीसच्या वर वर्षं खाल्ला. एकदाही घशाला अडकला नाही, हेच मला आता नवल वाटतं.

दिवाळीत ती माझ्या पाठीला तेल लावायची. पाठ खड्ड्यांनी भरलेली, आणि पोटावर एकही वण नाही. दंडावर शाळेत देवीची लस टोचल्याची गोल खूण. ज्याला लस टोचली त्याला देवी कशा आल्या, हे तिनं कधी विचारलं नाही. ती भोळी नव्हती. कामशेतच्या बाजारात भल्याभल्या व्यापाऱ्याच्या काट्यातली लबाडी ती पकडायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तिला ठाऊक होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

ती गेल्यावर घरात मी आणि म्हैस. मुलगा आणि सून चाकणकडं कंपनीत, दोघांच्या पाळ्या वेगळ्या, राहायला एक खोली. नात दहावी झाली तेव्हा मुलगा म्हणाला, "आबा, हिला तुमच्याकडंच ठेवतो. तळेगावला कॉलेज करंल, तुमालाबी सोबत." मी म्हणालो, मला सोबतीची गरज नाही. म्हणालो, पण तिच्यासाठी माडीवरची खोली झाडून घेतली.

तिनं आल्या आल्या ओट्याच्या खांबाला खिळा ठोकून आरसा लावला. सकाळी तिथं उभी राहून वेणी घालायची आणि माझ्याशी बोलायची. बोलायची म्हणजे थांबायचीच नाही. कोण मुलगी कुणाशी भांडली, कोणत्या सरांचा शर्ट कसा होता, कॅन्टीनचा वडा कसा तेलकट. मला त्यातलं काही कळायचं नाही. मी "व्हय, व्हय" करत धार काढायचो. ती एसटीला गेली की घर इतकं गप व्हायचं की म्हशीच्या रवंथाचा आवाज यायचा. संध्याकाळी एसटीचा हॉर्न ऐकला की मी चूल पेटवायचो, म्हणजे ती येईपर्यंत पाणी उकळलेलं असायचं.

अकरावीच्या मध्यालाच तिच्या तोंडावर सुरू झालं. आधी कपाळावर बारीक, मग गालांवर, मग हनुवटीच्या खाली गाठी. मी बघत होतो. पहिल्या दिवसापासून मला कळत होतं, ही दोन-चार येऊन जाणाऱ्यातली नाही. पण तोंडानं मी वेगळंच बोललो. म्हणालो, उष्णता आहे, होतंय बरं.

गावात तिला कुणी सोडलं नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोट साफ नसंल, एरंडेल घे." दुसरी म्हणाली, "लिंबू चोळ." तिनं लिंबू चोळलं, रात्रभर आग झाली. कुणी टूथपेस्ट सांगितली, कुणी बेसन. पाणवठ्यावर एक जण हसत म्हणाली, "अगं लगीन लाव की, लगेच जात्यात." मीही मागं राहिलो नाही. शेंगदाणे बंद, लोणचं बंद, चहा बंद. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं तोंड धुवायला लावलं. कशाचा काही फरक पडला नाही, तेव्हा फाट्यावरच्या मेडिकलमधून मीच एक ट्यूब आणली. त्यानं आठ दिवसांत तोंड असं साफ झालं की मी मेडिकलवाल्याचं कौतुक सांगत फिरलो. महिन्याभरात दुप्पट आलं. चेहरा लाल, कातडी पातळ, उन्हात गेली की भाजल्यासारखं.

त्या दिवसांत एकदा मी म्हशीला वैरण टाकत होतो. नात मागं येऊन उभी राहिली.

"आबा, माझ्या वयात तुमाला यायच्या का वो?"

"काय?"

"पुटकुळ्या."

"न्हाई."

"एकबी न्हाई?"

"न्हाई म्हनलं ना. माझं देवीचं हाय. तुला ठाऊक हाय की."

ती थोडा वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मलाच." आणि आत गेली.

मी वैरण टाकत राहिलो. त्या क्षणी खरं सांगायला काय लागलं असतं? एक शब्द. पण पन्नास वर्षं जे अंगावर बाळगलं ते गोठ्यात उभं राहून काढून ठेवता येत नाही, असं मला वाटलं. मी लय ताठ माणूस. आजूबाजूच्या सगळ्यांनी बंगलेवाल्यांना जमिनी दिल्या, मी दिली नाही. कुणापुढं वाकलो नाही. आणि नातीपुढं चाळण म्हणून उभं राहायचं?

तिनं स्कार्फ बांधायला सुरुवात केली. शहरात पोरी गाडीवर बांधतात तसा, फक्त डोळे उघडे. आधी एसटीत बांधायची, मग गावात, मग घरातही. जेवायला भिंतीकडं तोंड करून बसायची. एक दिवस सकाळी बघतो तर खांबावरचा आरसा नाही. नुसता खिळा. बोलणंही थांबलं. मी धार काढायचो आणि कान तिकडं लावायचो, पण पायऱ्या उतरल्याचा आवाज तेवढा यायचा.

मग कॉलेजला जाणंही थांबलं. एसटीत शेजारी बसलेल्या एका मुलीनं विचारलं होतं, "तुझ्या तोंडाला काय झालंय गं? दुसऱ्याला लागतं का ते?" आणि उठून दुसऱ्या सीटवर गेली होती. हे मला कंडक्टरनं सांगितलं, तिनं नाही. बारावीचं वर्ष, प्रॅक्टिकलचे तास नुकतेच सुरू झालेले, आणि ही माडीवर पडून. फोनवर आईला म्हणाली, मला परीक्षा द्यायची नाही, मला शिकायचंच नाही.

मी जिन्याखाली उभा राहून म्हणालो, "आपल्या घरातली मानसं तोंड लपवून बसत न्हाईत."

वरून आवाज आला, "तुमचं देवीचं हाय आबा. तुमाला लोक हात जोडत्यात."

त्यानंतर आठवड्याभरानं असेल, ती न्हाऊन ओट्यावर केस वाळवत बसली होती. मी आहे हे तिला माहीत नव्हतं. उजव्या कानशिलाजवळची एक जुनी गाठ बसली होती, आणि तिथं खड्डा पडला होता. एकच. ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तो ओळखला. असा पहिला कुठं पडतो, मग दुसरा त्याला चिकटून कसा येतो, मग गालाची चाळण व्हायला किती दिवस लागतात, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आणि मीच उष्णता म्हणत बसलो होतो.

मी मुलाला फोन लावला. म्हणालो, मी हिला चामडीच्या डॉक्टरकडं नेतोय. तळेगावात ओळखीचे फार, म्हणून लोणावळ्याला न्यायचं ठरवलं. तिच्यासाठी, असं मी सांगितलं. खरं तर माझ्यासाठीही.

श्रावण होता. कान्हे फाट्यावरून आम्ही दुपारची लोकल धरली, डबा जवळजवळ मोकळा. लोणावळ्याला उतरलो तर भुशी धरणाकडं जाणाऱ्या पोरापोरींची ही गर्दी. नखशिखांत भिजलेली, गालाला गाल लावून फोटो काढत होती. एका मुलीनं नातीच्या हातात फोन दिला, "ताई, आमचा एक काढता का?" तिनं काढला. स्कार्फमधून नुसते डोळे दिसत होते. त्या पोरी आभार मानून गेल्या. ती त्यांच्याकडं बघत राहिली ते मला अजून दिसतं.

डॉक्टरीण चाळिशीची, बोलायला साधी. तिनं स्कार्फ सोडायला सांगितला, दिवा जवळ घेतला, गालाला, हनुवटीला बोट लावून बघितलं. काय काय लावलं ते विचारलं. मेडिकलच्या ट्यूबचं नाव सांगितल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

"ही कुणी दिली?"

"मी आनली," मी म्हणालो.

"आजोबा, ही पुन्हा कधीही लावायची नाही. आधी गुण येतो आणि मग त्वचेची वाट लागते." मग नातीकडं वळून म्हणाली, "तुझं काही चुकलेलं नाही, बाळ. तू घाण राहतेस म्हणून हे आलेलं नाही, शेंगदाण्यानं आलेलं नाही. वयात येताना अंगातले रस बदलतात, त्वचेत तेल जास्त सुटतं, त्याची छिद्रं बंद होतात आणि आत सूज येते. काहींना थोडं, काहींना खूप. हा आजार आहे आणि याला औषध आहे."

नात रडायला लागली. आवाज न करता. मला वाटतं, तुझं चुकलेलं नाही हे तिला वर्षभरात कुणी म्हणालंच नव्हतं.

"घरात कुणाला असं होतं का? आई, वडील, आजी, आजोबा? हे बऱ्याचदा घराण्यात असतं. घरात कुणाला खड्डे पडले असतील तर मला आधीपासूनच जोरात औषध सुरू करावं लागेल. एकदा खड्डे पडले की भरून काढणं अवघड."

"कुनाला न्हाई," मी म्हणालो.

डॉक्टरीण माझ्याकडं बघत होती. "आणि तुमचं?"

"देवी."

"कितव्या वर्षी?"

"ल्हानपनी."

"देवीचे वण कपाळावर, नाकावर, हातांवरही असतात, आजोबा. तुमचे तर गालांवर आणि जबड्याखालीच दिसतायत. पाठीवर आहेत का?"

मी उठलो. "मला न्हाई तपासायचं. पोरीला तपासा." आणि बाहेर आलो.

बाहेरच्या बाकावर मी बसलो. समोर काचेच्या दाराबाहेर चिक्कीच्या दुकानात लोक उभे होते. मी तिथं बसून त्या बाईवर चिडत होतो, आणि मला ठाऊक होतं की मी त्या बाईवर चिडलेलो नाही. आत नातीच्या औषधाचा निर्णय चालला होता आणि त्याला लागणारी खरी गोष्ट मी खिशात घालून बाकावर बसलो होतो.

नात बाहेर आली तेव्हा तिच्या हातात औषधाचा कागद होता. लोकलमध्ये कामशेतपर्यंत ती तो कागद वाचत होती. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं, आजोबा रागावले का. मी म्हनाले, त्यांचा सभावच तसा हाय."

औषध असं होतं: सकाळी एक गोळी, संध्याकाळी तोंड धुऊन वाटाण्याएवढं मलम सगळ्या चेहऱ्याला, दिवसा उन्हाचं क्रीम, आणि हात लावायचा नाही, फोडायचं नाही. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, आणि पहिल्या काही आठवड्यांत उलट जास्त दिसेल, तरी सोडायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तसंच झालं. चेहरा सोलल्यासारखा, आणि नव्या गाठी. सकाळी मी गोठ्यातून आलो तर ती परसात उभी, हातात मलमाची ट्यूब. माझ्या देखत तिनं ती उकिरड्यात फेकली.

"आगं, डॉक्टरनं सांगितलंय की वाढंल म्हनून."

"सांगायला काय जातंय."

"महिना-दोन महिने कळ काढ."

"तुमाला काय ठाऊक आबा?" ती म्हणाली. ओरडली नाही. थकल्यासारखी बोलली. "तुमाला कुनी एसटीत सोडून उठलं न्हाई. तुमी गप बसा."

मी उकिरड्यात उतरलो. शेणात हात घालून ट्यूब शोधली, हौदावर नेऊन धुतली, पायरीवर ठेवली. मग सदऱ्याची बटणं काढायला लागलो.

"हे काय करताय?"

सदरा काढला आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो. बायको गेल्यावर ही पाठ कुणी बघितली नव्हती.

"बघ," मी म्हणालो. मग वळलो. "आता प्वाट बघ. एक तरी वन दिसतो का? देवी काय पाठ बघून येत्यात व्हय? आनि ही दंडावरची खून बघ. शाळंत टोचलं होतं. मला देवी आल्या न्हाईत. मला पुटकुळ्या आल्या. तुझ्यासारख्याच. तुझ्यापरीस जास्त. पोरं मला चाळण म्हनायची."

कोंबड्या उकिरड्यात मी उकरलेल्या जागी येऊन टिपायला लागल्या. ती माझ्या दंडाकडं बघत होती.

"आजीला ठाऊक होतं?"

"न्हाई," मी म्हणालो. मग म्हणालो, "काय की."

"मी इचारलं होतं तुमाला. गोठ्यात."

"व्हय."

"तेव्हा का न्हाई सांगितलं?"

मी सदरा उचलून खांद्यावर टाकला. लाज वाटत होती हे खरं, पण ते उत्तर नव्हे.

"मला वाटलं, आपल्या अख्ख्या घरात मी एकटीच अशी निपजले," ती म्हणाली. "वर्षभर वाटलं, आबा. आनि तुमी खाली बसला होता."

पायरीवरची ट्यूब तिनं उचलली आणि वर गेली.

त्यानंतर दहा-बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा करून ठेवायची, कप आपटायची नाही, पण बोलायची नाही. मी समोर गेलो की बाजूला व्हायची. मला वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढं मात्र बघत होतो, खिडकीतली ट्यूब रोज थोडी चपटी होत होती.

पुढच्या वेळी लोणावळ्याला निघालो तेव्हा ती म्हणाली, "तुमी न्हाई आला तरी चालंल." मी गेलो. आत गेल्या गेल्या, बसायच्या आधी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. लिहून घ्या."

"बसा आजोबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, कितव्या वर्षी सुरू झालं, किती वर्षं राहिलं, पाठीवर होतं का, खड्डे कधी पडायला लागले. मी एकेक सांगत गेलो. पंचाहत्तरीला आलेला माणूस, आणि माझ्या पुटकुळ्यांबद्दल मला कुणीतरी पहिल्यांदा नीट विचारत होतं. नात खाली मान घालून ऐकत होती. चाळण म्हणायचे हेही मी सांगितलं, ते औषधाला लागत नव्हतं तरी.

त्यांनी उपचार बदलला. दुसरी जोराची गोळी, तिच्याआधी रक्त तपासायचं, आईला बोलावून सगळं समजावून सांगायचं, कारण त्या गोळीचे नियम कडक. निघताना मी विचारलं, "माझ्यावर आता काय होईल का?"

त्या हसल्या नाहीत. "आता फारसं नाही, आजोबा. तेव्हा औषध मिळालं असतं तर झालं असतं."

गोळीनं नातीचे ओठ फुटायचे, डोळे कोरडे पडायचे, उन्हात जायची चोरी. पण चौथ्या महिन्यात मी तिला भिंतीकडं पाठ करून जेवताना बघितलं. स्कार्फ एक दिवस म्हशीच्या दोरीवर वाळत होता आणि तिथंच राहिला. प्रॅक्टिकल बुडाली ती बुडाली, वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी तिनं बारावी दिली. माझ्याशी ती पुन्हा बोलायला लागली, पण पहिल्यासारखं न थांबता नाही. आता विचारलं तेवढं सांगते. तिच्या कानशिलाजवळ तीन खड्डे राहिले. त्यातला पहिला मी बघितला होता. नंतरचे दोन, मी बाकावर जाऊन बसलो त्या दिवसांतले असतील. तसं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. ते माझं मी धरलंय.

गेल्या वर्षी ती पुण्याला नर्सिंगला गेली. होस्टेलवर राहते. माडीवरची खोली मी झाडतो. तिच्या वहीची कोरी पानं राहिली होती, त्यावर हे लिहितोय. संध्याकाळी एसटीचा हॉर्न वाजला की चुलीकडं जायला उठतो आणि मग बसतो. शितळासप्तमीला मी स्वतः भात लावला, दही घातलं, उंबराखाली नेऊन ठेवला. शितळाईचं आणि माझं काही देणंघेणं नाही हे आता त्या देवीलाही माहीत असणार. पण बायको जायची. परत येऊन पहिला घास मीच माझ्या हातावर घेतला. तो मात्र गिळायला वेळ लागला.

गावात अजून मी देवीचाच आहे. कुणी विचारत नाही, म्हणून सांगत नाही. हे कुणी वाचून दाखवलं तर कळेल त्यांना.

परवा दुपारी नातीचा फोन आला, तोंड दिसतं तसला. शेजारी एक पोरगी बसली होती, ओढणीनं अर्धं तोंड झाकलेलं.

"आबा, उजेडात या जरा. ओट्यावर या."

मी आलो.

"फोन गालाजवळ धरा. अजून जवळ. आता दुसरा गाल." मग त्या पोरीला म्हणाली, "हे बघ. हे माझे आजोबा. औषध न्हाई घेतलं की असं होतं. आनि हे माझं." तिनं केस मागं घेऊन कानशील दाखवलं. "एवढ्यावर थांबलं. तू उद्या येतीस का न्हाई माझ्याबरोबर डॉक्टरकडं?"

ती पोरगी माझ्याकडं बघत होती. हळूच म्हणाली, "दुखायचं का हो आजोबा?"

"लय," मी म्हणालो. "कानापातुर ठनका जायचा."

तिनं ओढणी थोडी खाली घेतली. मग नात म्हणाली, "बरं आबा, ठेवते. हालू नका म्हनलं तर हालत व्हता तुमी." आणि फोन बंद झाला.

मी ओट्यावर तसाच उभा होतो, खांबाच्या रिकाम्या खिळ्याशेजारी, दुसरा गाल उन्हाकडं करून. पुन्हा फोन येईल असं वाटलं. आला नाही. मग म्हैस ओरडली, तेव्हा आत गेलो.